सोडा म्हणायचं राहिलं

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. वर सुवाच्य अक्षरात ‘सूचना’ असं लिहिलंय, त्यामुळे घरच्यांची समजूत अशी की मी गेल्यावर काय काय करायचं ते त्यात असणार. प्रत्यक्षात तिच्यात ‘हात वर करा’, ‘मान वळवा’, ‘टाचा उचला’ असली वाक्यं आहेत. बत्तीस वर्षं पोरांना पी.टी. शिकवली, निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांचे व्यायामवर्ग सुरू केले, आणि या सगळ्या काळात माणसांना अंग हलवायला सांगताना माझं काय काय चुकलं त्याची ती नोंद आहे. डाव्या पानावर मी काय म्हणालो. उजव्या पानावर त्यांनी काय केलं. डाव्या पानांवर अजून जागा आहे. उजव्या पानांना पुरवण्या चिकटवाव्या लागल्या.

पहिली नोंद जून १९९१ ची. सायवनच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. चाळीस पोरं मैदानात उभी केली आणि खड्या आवाजात म्हणालो, “श्वास घ्या!” तेवढ्यात मुख्याध्यापकांनी हाक मारली. तांदळाचा ट्रक आला होता, पोती मोजून घ्यायची होती. मी गेलो, पोती मोजली, सही केली, चहा आला तो घेतला आणि परत आलो. पहिल्या रांगेतली पोरं गाल फुगवून, डोळे बाहेर काढून तशीच उभी. अर्थात सगळ्यांनी मधे मधे चोरून सोडला होता आणि माझी चाहूल लागताच पुन्हा भरून घेतला होता. पण ते मला तेव्हा कुठलं कळायला? मी घाबरून “सोडा, सोडा!” म्हणत धावलो, तर एकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. “सर, यानं मधीच सोडला.”

उजव्या पानावर लाल शाईनं लिहिलंय : सोडा म्हणायचं राहिलं.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, औंधच्या बाजूचा. तिकडे व्यायाम शिकवणं हे घराण्याचं काम असल्यासारखं मानतात, कारण औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. राजेसाहेब स्वतः घालायचे, इतरांना घालायला लावायचे, त्यावर पुस्तकं लिहायचे. त्यांचा नमस्कार दहा आकड्यांचा. मला बी.पी.एड.ला शिकवला तो बारा आकड्यांचा. सुट्टीत घरी गेलो की आजोबा ओट्यावरून माझे नमस्कार मोजायचे आणि दहाला थांबायचे. वर उरलेले दोन मी कुठून आणले, कुणाच्या परवानगीनं आणले, याचं समाधानकारक उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

सायवनला नमस्काराची अडचण निराळी होती. मी “नमस्कार!” अशी ऑर्डर दिली की चाळीस पोरं हात जोडून सुरात म्हणायची, “नमस्ते सऽऽर!” मी उत्तर दिल्याशिवाय हात खाली येत नसत.

ज्यांना सायवन माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डहाणू म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, घोलवडचे चिकू आठवतात, पारशी-इराण्यांचे जुने बंगले आठवतात. ते सगळं किनाऱ्याकडे. आम्ही पाठमोऱ्या डहाणूतले. हायवेवर चारोटी, तिथून कासा, कासाहून पुढे सायवन, आणखी पुढे उधव्याकडून तलासरी. डोंगर, भातखाचरं, ताडाची झाडं आणि वारल्यांचे पाडे. मी आलो तेव्हा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला. म्हणजे माझी बदली काही झाली नाही, शेवटी जिल्ह्याचीच झाली.

‘श्वास’ हा शब्द इथे चालत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. तो पुस्तकातला. माणसाला असतो तो दम. मग मी सुधारणा केली आणि दुसऱ्या दिवशी आज्ञा दिली, “दम घ्या!” सगळी पोरं खाली बसली. बरोबरच होतं त्यांचं. दम घ्या म्हणजे जरा टेका. मी पुन्हा उभी केली, पुन्हा “दम घ्या” म्हणालो, पुन्हा बसली. असं चार वेळा झालं. लांबून बघणाऱ्या मुख्याध्यापकांनी संध्याकाळी माझं कौतुक केलं, की बैठका चांगल्या घेता.

मग डावं-उजवं. शिकवणारा समोर उभा असतो, त्यामुळे त्याचा उजवा तो पोरांचा डावा. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की तोंडानं उजवा म्हणायचं आणि स्वतः डावा उचलायचा, आरशासारखं. मी ते इतकं घोटलं की आजही बँकेत ‘उजवीकडच्या खिडकीवर जा’ म्हटलं की मी डावीकडे जातो. पोरांना मात्र त्याचा फायदा नव्हता, कारण ज्या हातानं जेवतो तो उजवा हे त्यांना कळायचं, पण ते आठवायला आधी जेवल्यासारखं करून बघावं लागायचं. “उजवा हात वर” म्हटलं की चाळीस हात तोंडाशी जाऊन मग वर. शेवटी मी दिशाच बदलल्या. मैदानाच्या एका अंगाला पिंपळ, दुसऱ्या अंगाला नळ. “पिंपळाकडचा हात वर! नळाकडचा पाय पुढे!” एक चूक नाही. मला वाटलं, जिंकलो. मग पावसाळा आला आणि वर्ग व्हरांड्यात न्यावा लागला. तिथे पिंपळ नाही, नळ नाही. मी “पिंपळाकडचा” म्हणालो तर पोरांनी भिंतीपलीकडे, कौलांपलीकडे, पावसात उभा असलेला खरा पिंपळ नेमका कुठल्या दिशेला आहे ते मनात धरलं आणि त्या बाजूचा हात वर केला. व्हरांड्यात ती मैदानातल्यापेक्षा उलटी तोंडं करून उभी होती, त्यामुळे मैदानात जो हात वर जायचा त्याच्याऐवजी दुसरा गेला. चूक कुणाची म्हणणार? पिंपळ तर हलला नव्हता.

हललं ते वेगळंच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या आसपास सगळ्यांत जास्त. १ फेब्रुवारी २०१९ ला चारच्या पुढच्या तीव्रतेचा बसला. लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, तंबू लागले होते. खोलीपेक्षा मैदान बरं म्हणून शाळेत सगळ्या विषयांचे शिक्षक पोरं घेऊन मैदानात यायला लागले आणि माझ्या मैदानावर गणित, भूगोल, मराठी शेजारी शेजारी बसले. मी त्या दिवसांत वृक्षासन शिकवत होतो. एका पायावर उभं राहायचं, हात वर जोडायचे. माझी आवडती सूचना होती, “पाय जमिनीत मुळांसारखे रोवा, जमिनीवर विश्वास ठेवा.” हे म्हणतोय तोवर खालून गुरगुर आली, मग धक्का. सगळ्या झाडांची पुन्हा माणसं झाली आणि पांगली. कुणाला काही झालं नाही. भीती हळूहळू सवयीत गेली, पण त्या धक्क्यांनी माझ्या वर्गाला कायमची एक सबब देऊन ठेवली. पुढे कितीतरी महिने कुणाचा तोल गेला की उत्तर तयार असायचं, “सर, मी नाय हललो. जमीन हलली.” आणि ते दर वेळी खोटंच असेल असं छातीठोकपणे मलाही म्हणता येत नव्हतं.

२०२३ ला निवृत्त झालो. गावी न जाता इथेच राहिलो. पहाटे डहाणूच्या किनाऱ्यावर मोठ्यांचा वर्ग घेतो, त्याचे पैसे मिळतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी सायवनला बचत गटाच्या बायकांचा घेतो, तिथे पैशांऐवजी वालाच्या शेंगा मिळतात. बोरिवलीत माझा भाचा जिममध्ये ट्रेनर आहे. त्याच्या मते माझ्याकडे आता दोन प्रकारचे ‘क्लायंट’ आहेत आणि माझी शिकवण्याची भाषा जुनाट आहे. त्यानं मला फोनवर नवे शब्द दिले. कोअर एंगेज करा, ग्लूट्स ॲक्टिव्हेट करा, शोल्डर रिलॅक्स ठेवा. मी ते वहीत घेतले आणि मराठी करायला बसलो. बसायला नको होतं.

कोअर म्हणजे गाभा. सायवनला वर्गात मी म्हणालो, “गाभा आवळा.” शांतता. मग मागून एक आजी काळजीनं म्हणाली, “कोन गाभण हाय?” त्यानंतर दहा मिनिटं वर्गात कुणाच्या गाईला किती महिने झाले एवढाच विषय होता.

ग्लूट्सचं तर विचारू नका. नितंब हा शब्द मी आयुष्यात कवितेबाहेर कधी ऐकला नाही. माणसं म्हणतात तो शब्द सासू-सुना एका रांगेत उभ्या असताना मास्तरानं कसा म्हणायचा? मी दोन रात्री विचार करून तोडगा काढला आणि डहाणूच्या किनाऱ्यावर जाहीर केलं, “आता बसायची जागा आवळून धरा.” एक निवृत्त अधिकारी लगबगीनं कठड्यावर सरकले आणि बायकोला म्हणाले, “ये, तुझ्यासाठी धरून ठेवलीय.”

खांदे सोडा, असं म्हटलं तर किनाऱ्यावरचे दोघं-चौघं गंभीर झाले. त्या आठवड्यात त्यांच्या मित्राला खांदा देऊन आले होते. तो शब्द मी तिथल्या तिथे खोडला.

शवासनाचीही तीच गत. सायवनच्या आजीनं ‘शव’ म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. ती उठून बसली. “मी नाय. मी अजून मेले नाय, तुमी मना मढं करताय.” मग नाव बदलून ‘आराम’ ठेवलं. या सूचनेचं उजवं पान कोरं आहे. ‘आराम’ म्हटल्याबरोबर सगळ्या बायका आडव्या होतात आणि झोपतात, घोरतात. दिवसभर रानात राबलेल्या बाईला एवढं सांगायला मास्तर लागत नाही. उठवायला मात्र लागतो, आणि तिथे माझं अजून काही जमलेलं नाही.

पुण्याच्या योगगुरू अय्यंगारांची गोष्ट मी नेहमी मनाशी घोकतो. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि पुढे सगळा जन्म शिकवण्यातच खटपट करत राहिले. शिष्याचा हात पोचत नाही? पट्टा दे. कंबर टेकत नाही? खाली लाकडी वीट सरकव. भिंतीला दोऱ्या बांध, खुर्ची उलटी कर. घरातलं सामान उचलून त्यांनी आसनांना टेकू दिले आणि जगभरच्या योगवर्गांत ते टेकू गेले. मला हे फार पटलं. सायवनला लाकडी विटा कुठून आणायच्या? साध्या आणू, म्हणून मी बायकांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना प्रत्येकीनं दोन दोन विटा आणा. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी एकीनंही आणली नाही. मग त्यांच्यातली जरा धीट होती ती म्हणाली, “गुरुजी, दिवाळीपासून पावसापर्यंत आमी भट्टीवर विटाच उचलतो. तुमच्याकडं येऊन पण विटाच उचलायच्या?”

मी खाली बघितलं. इतकी वर्षं दर हिवाळ्यात माझ्या वर्गातली पोरं आईबापांबरोबर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जाताना मी पाहिली होती. हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे ‘गैरहजर’ मीच लिहीत होतो. तरी मला ती वीट दिसली नाही. आता आम्ही जेवायचे पाट वापरतो.

बरं, असं नाही की राबणाऱ्या माणसाला व्यायामाची गरज नसते. शहरातून येणारे पाहुणे इथल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे बघून म्हणतात, यांना कसली कंबरदुखी! अहो, याच तर माझ्याकडे कंबर धरून आल्या. काम अंगाला घडवतं तसं झिजवतंही. आवणीत ते मी चिखलात उतरून पाहिलं.

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे साताऱ्याला लावणी म्हणतात. इथे तसं म्हटलं तर लोक तमाशाची वाट बघतात. जुलैत एकदा मी छत्री घेऊन बांधावर उभा होतो. माझ्याच वर्गातल्या सहा जणी ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या. पाय सरळ, कंबरेतून घडी, पाठीवर पाऊस. मला राहवलं नाही. मी बांधावरून ओरडलो, “गुडघे वाकवा! वजन मांड्यांवर घ्या! पाठ वाचेल!” सहाही जणी थांबल्या. आजीनं मान वर केली. “गुरुजी, उतरा.”

उतरलो. पोटरीपर्यंत चिखल. हातात रोपांची जुडी दिली. मी शास्त्रशुद्ध गुडघे वाकवले. माझं वजन मांड्यांवर आलं, मांड्यांवरून टाचांवर आलं आणि टाचा मावळल्या. पाठोपाठ मघाशी ज्या अवयवाला मला शब्द सापडत नव्हता तो अवयव थंड पाण्याला टेकला. आजीला शब्द सहज सापडला. “गुडघा वाकवला का ढुंगण चिखलात,” ती म्हणाली, सिद्धान्त सांगावा तशी. दोघींनी मला दोन्ही काखांत धरून उपटलं. एक चप्पल अजून त्या खाचरात आहे. त्या वर्षी त्या कोपऱ्यात भात बरं आलं असं म्हणतात.

कपडे पिळून मी बांधावर बसलो आणि नवी सूचना काढली. एक ओळ संपली की उभं राहायचं, हात कमरेवर, थोडं मागे वाकायचं, मग पुढची ओळ. आजी म्हणाली, ते तर आम्ही करतोच. मग थांबून म्हणाली, तिच्या आईच्या वेळी करता येत नव्हतं. कंबर सरळ केली की बांधावरून शिवी यायची, कधी काठी.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी इथे आल्यावर वाचलं होतं. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करणार नाही म्हणाले, हे मला पाठ होतं. पण कंबर सरळ करायची मुभा हाही त्या लढ्याचा भाग असेल, हे त्या बांधावर ओल्या पँटनिशी बसेपर्यंत कधी मनात आलं नव्हतं. वहीच्या डाव्या पानावर ‘दर ओळीनंतर उभं राहा’ असं आहे. उजवीकडे मी काही लिहिलं नाही.

शिकवताना सामान बदलावं, जागा बदलावी, हे या भागाला नवं नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या हाताखाली माँटेसरी पद्धत शिकून आलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. विलायती लाकडी साधनं परवडणारी नव्हती. मग शंख, शिंपले, खडे, बिया, पानं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. गुरं राखणारी तिथेही येईनात, तर कुरणात. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. मी आलो तेव्हा अनुताई हयात होत्या. १९९२ मध्ये गेल्या. जाऊ जाऊ म्हणत माझं भेटणं राहून गेलं, याची रुखरुख आहे. भेट झाली असती तर विचारलं असतं, बाई, सूचना कितव्यांदा बदलली की थांबायचं?

भाच्यानं मधे एक उपयोगाची गोष्ट पाठवली, हे मान्य करायला हवं. १९९८ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना बर्फावर घसरायच्या खेळाच्या यंत्रावर उभं केलं. काहींना सांगितलं, आपल्या पायांकडे लक्ष ठेवा. काहींना सांगितलं, पायांखालच्या फळीच्या चाकांकडे ठेवा. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगले शिकले. पुढेही अशा बऱ्याच प्रयोगांत तेच दिसलं, की अवयवाचं नाव घेतलं की माणूस अडखळतो आणि बाहेरची वस्तू दाखवली की अंग आपलं आपण जमवून घेतं. हे वाचून मला आनंद झाला आणि रागही आला. १९९८ मध्ये मी ‘घोटा! गुडघा! कोपर!’ ओरडून घसा बसवून घेत होतो.

म्हणून मी अवयव सोडले आणि वस्तू धरल्या. ‘डोक्यावर भरलेला हंडा आहे’ म्हटलं की सायवनच्या बायकांची मान, पाठ, कंबर एका क्षणात ओळंब्यात. अशी सूचना जन्मात एकदा सापडते. मी तीच दुसऱ्या दिवशी डहाणूला नेली. निम्म्या लोकांनी हात वर करून हंडा धरला, आणि एक बाई म्हणाल्या, “सर, आमच्याकडे फिल्टर आहे.”

आणि वस्तूंना मुदत असते, हे लक्षात यायला वेळ लागला. ‘जातं फिरवा’ म्हटलं की पन्नाशीपुढच्या बायका छान कंबरेतून फिरतात. त्यांच्या नाती नुसत्या बघत राहतात, त्यांनी दळण गिरणीवर टाकलेलं. पोरांना मी ‘मोटरसायकलला किक मारा’ सांगायचो, पाय मस्त खाली जायचा. आता पोरं हसतात आणि अंगठ्यानं बटण दाबतात. ‘एस.टी.चं स्टिअरिंग फिरवा’, ‘रॉकेलचा पंप मारा’, ‘फोनची तबकडी फिरवा’, ही सगळी वहीत मेलेली पडली आहेत. आजच्या पोरांच्या हालचाली म्हणाव्या तर अंगठा वर, अंगठा खाली. त्यातून व्यायाम कसा काढायचा यावर मी सध्या विचार करतोय.

जी एक सूचना सायवनला कायमची लागू पडली ती माझी नाहीच. कमरेतून वाकताना पाठ मोडू नये, सांध्यातून घडी पडावी, हे मी किती परींनी सांगितलं त्याची सहा पानं आहेत. एकदा संध्याकाळी मी असाच वैतागून बोलत होतो. एक मुलगी उठली. ती आईबरोबर यायची, लग्नाघरी भिंतींवर चित्रं काढणाऱ्यांतली. तिनं खडू घेतला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर वारली माणूस काढला. वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण, दोघांची टोकं एकमेकांना टेकलेली. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही माणसं जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, माझ्या घरच्या कॅलेंडरवरही ती आहेत. पण मी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या माणसाला कंबर म्हणजे फक्त एक ठिपका. ती मुलगी म्हणाली, “आता हा वाकला,” आणि शेजारी दुसरा माणूस काढला. वरचा त्रिकोण अख्खाच्या अख्खा पुढे कललेला. त्रिकोण कुठेही मोडलेला नाही. मोडला तर तो त्रिकोण राहीलच कसा? सगळ्या बायका हसल्या, उठल्या आणि वरचा त्रिकोण कलवून दाखवला. बरोबर. पहिल्याच फटक्यात. मी सहा पानांवर काट मारली.

डहाणूला तेच चित्र मी कार्डबोर्डवर काढून नेलं. सगळ्यांना फार आवडलं. दोघांनी किंमत विचारली.

दिवाळीच्या सुमारास, भात तयार झाल्यावर, पाड्यावर तारपा वाजतो. वाळक्या दुधीचा, बांबूच्या नळ्यांचा, ताडाच्या पानांचा तो भोंगा. वाजवणारा मधे, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती गोल. सूर बदलला की पाऊल बदलतं. पुढचा घोळकाठी आपटतो, पण तोंडानं कुणी काही सांगत नाही. मला त्यांनी साखळीच्या मधे घेतलं. मी आधी पावलं मोजायला लागलो, एक दोन तीन चार, आणि चुकलो. पण चुकायला वाव नसतो. दोन्हीकडच्या कमरा तुम्हाला उचलून पुढच्या पावलावर ठेवतात. अर्ध्या तासानं मी नाचत होतो, की मला नाचवलं जात होतं, हे सांगता येणार नाही.

हुरूप येऊन तो प्रयोग डहाणूच्या वर्गात करायला गेलो. “एकमेकांच्या कमरेला हात घाला,” म्हणालो. बायका एका बाजूला झाल्या, पुरुष दुसऱ्या. पुरुषांनी पुरुषांकडे पाहिलं. एका डॉक्टरांनी पोट आत ओढलं, त्या वर्गातला तो माझा सर्वांत यशस्वी ‘गाभा’. पाच मिनिटं चर्चा होऊन ठरलं की कमरेऐवजी प्रत्येकानं नॅपकीन आणावा आणि शेजाऱ्यानं त्याचं दुसरं टोक धरावं. आता आमचा गोल नॅपकिनांचा आहे. चुकणाऱ्याला कुणी उचलत नाही, फक्त नॅपकीन ताणला जातो.

गेल्या महिन्यात माझीच कंबर धरली. पाण्याचा जार कसा उचलायचा ते शेजाऱ्याला दाखवताना. वरचा त्रिकोण मोडला, दुसरं काय. एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पोरगी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. मला टेबलावर उताणं निजवून म्हणाली, “काका, कोअर एंगेज करा.”

“त्याला गाभा म्हणू नका,” मी म्हणालो.

“मी नाही म्हटलं. आता उजवा पाय वर घ्या.”

“तुमचा उजवा की माझा?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “खिडकीकडचा.”

पाय आपोआप वर गेला. मला इतका आनंद झाला की मी वही मागितली. बायकोनं ती घरी ठेवायला लावली होती. तेवढ्यात पोरगी म्हणाली, “आता मोठा श्वास घ्या,” आणि तिचा फोन वाजला. ती बोलत बोलत बाहेर गेली.

मी पंख्याकडे बघत पडलो. गाल फुगले. पंख्याची पाती मोजली. तीन. पुन्हा मोजली. बाहेर ती कुणाला तरी पत्ता सांगत होती, आधी पेट्रोलपंप, मग मेडिकल. छातीत ठोके ऐकू यायला लागले. शेवटी इकडे तिकडे बघून मी हळूच, आवाज न करता सोडला.

शेजारच्या खाटेवरचे म्हातारेबुवा कोपरावर उठले आणि दाराकडे बघून ओरडले, “बाई, यांनी मधीच सोडला!”